पुलाखालचा पहिला डबा

जूडिथने गुडघाभर पाण्यातून डबा वर काढला आणि काठावर घडीच्या खुर्चीत बसलेल्या देविकाच्या हातात दिला. तळहाताएवढा, सगळीकडून भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा. दीड महिन्यापूर्वी त्यात ट्राउट माशाची पन्नास अंडी मोजून भरली होती. भिजलेल्या साबुदाण्याएवढी, नारिंगी, आणि प्रत्येकात दोन काळे ठिपके. ते ठिपके म्हणजे डोळे, असं देविकाने तेव्हा सांगितलं आणि माझे हात आपोआप जोडले गेले होते.

मी चहाचा थर्मास धरून तिच्या मागे उभी होते. माझी लेक ओढ्यावर आली की एरवी तिचं तोंड बंद नसतं. आज झाकण उघडून ती डब्यात बघत राहिली.

"काय गं?" मी विचारलं.

"सगळे मेले, आई. फिफ्टी आउट ऑफ फिफ्टी."

मी वाकून पाहिलं. अंडी पांढरीफटक पडली होती आणि त्यांच्यावर पिंजलेल्या कापसासारखी बुरशी पसरली होती. डब्यातून आंबूस वास आला. तो वास मी ओळखला. कणकेचा गोळा झाकून ठेवून विसरलो, की तिसऱ्या दिवशी भांडं उघडताना येतो तोच.

जूडिथने चिमट्याने डब्याच्या भोकांत अडकलेला करडा लगदा उचलून उजेडात धरला. "टॉयलेट पेपर," ती म्हणाली. देविकाने मान हलवली आणि वहीत लिहिलं. लगद्याच्या एका कडेला मात्र किंचित निळा डाग होता. बॉलपेनची शाई पाण्यात पसरते तसा.

थर्मासचं झाकण माझ्या हातून सुटून गवतात पडलं. ते शोधायच्या निमित्ताने मी बराच वेळ वाकून राहिले.

हा ओढा आमच्या कॉव्हेंट्रीतल्या घराच्या मागून वाहतो आणि पुढे शेरबोर्न नदीला मिळतो. चाळीस वर्षांपूर्वी हे इथल्या हॉस्पिटलात लागले, तेव्हापासून मी तो पाहते आहे. तेव्हा त्यात ट्रॉल्या आणि टायर असायचे. आता नद्यांसाठी काम करणारी एक छोटी संस्था तो सुधारते आहे, आणि देविका त्या संस्थेत माशांची तज्ज्ञ आहे, जूडिथ तिची सहकारी. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी तळाचा गाळ काढून धुतलेले बारीक गोटे अंथरले, कारण ट्राउट गोट्यांच्या फटीत अंडी घालते. माशांना विसावा मिळावा म्हणून पुलाखाली मोठे दगड रचून पाणी संथ केलं. तरी मासे काही येईनात. खाली जुना बंधारा आहे, तो ओलांडता येत नाही. बंधारा फोडायचा तर वरच्या पाण्यात अंडी जगतात हे आधी दाखवायला हवं. म्हणून हे सहा डबे, पुलापासून बंधाऱ्यापर्यंत गोट्यांत पुरलेले.

त्या मंगळवारी सहाही उघडले. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत बहुतेक अंडी जिवंत होती. दुसऱ्यातली एकतीस मेली होती. पहिल्यातली सगळी.

"कोणाच्या तरी घराचा संडास ओढ्यात जोडलाय," देविका परत येताना म्हणाली. ती हळू चालत होती, एक हात कमरेवर. "प्लंबर लोक चुकीचा पाइप जोडतात. खूप कॉमन आहे. शुक्रवारी मीटिंग आहे आई, आणि मला लिहायला लागणार की वरचा पार्ट अनफिट आहे. मग तो बंधारा राहणार. सगळा काम दुसऱ्या नदीला जाणार."

"एकदा लिहिलं की मग बदलता येत नाही?"

"दहा वर्षं तरी कोणी परत बघत नाही."

मी तिच्या कोटाची बाही धरून चालत राहिले.

तो कागद संडासातला नव्हता. तो माझा होता.

देविकाची आधीची दोन गेली. एक अकराव्या आठवड्यात, एक सोळाव्या. दुसऱ्या वेळी तिने मला सांगितलं, "आई, आता कोणी काही बोलायचं नाही, कोणी काही होप करायचं नाही." मी तिच्यासमोर कधी बोलले नाही. पण तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा घटस्थापनेला देवासमोर बसून पाणी सोडलं: बाळ हातात येईपर्यंत रोज एकशे आठ वेळा रामनाम लिहीन, एकेक चिठ्ठी कणकेच्या गोळीत घालीन, आणि वाहत्या पाण्यात माशांना देईन. माझी आत्या मिरजेला कृष्णाघाटावर हे करायची. तिथे पायरीवर बसलं की मासे बोटांना टोचायचे. संकल्प बोलून दाखवायचा नसतो, असं ती सांगायची. मी यांनाही सांगितलं नाही.

रोज पहाटे पाचला उठून चिठ्ठ्या लिहायच्या, कापायच्या, कणीक मळायची, बोराएवढ्या गोळ्या वळायच्या, आणि सातला फिरायला जाते म्हणून निघायचं. पुलाच्या मधल्या खांबापाशी उभं राहून एकेक सोडायची. बर्फ पडलं तेव्हा सोडल्या, नाताळच्या सकाळी सोडल्या. ओढ्यात मासाच नाही हे मला जानेवारीत कळलं, देविका डबे पुरायला लागली तेव्हा. तोवर साडेतीन महिने झाले होते. म्हटलं, मासे नसतील, पण येणार तर आहेत. आणि देणाऱ्याचं काम देण्याचं. असं मी मनाला सांगितलं, कारण मधेच थांबायची मला भीती वाटत होती.

आता आठवा महिना लागला होता. जावई वीर ग्लासगोच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, त्याची तिथली नोकरी मार्चअखेर संपेपर्यंत देविका आमच्याकडे राहायला आली होती. गेल्या आठवड्यापासून तिचं बीपी वर सरकत होतं. मिडवाइफने सांगून ठेवलं होतं: विश्रांती, डावी कूस, आणि कसला ताण नको. वाढलं तर ॲडमिट व्हावं लागेल.

तर तिला सांगायचं कसं? आणि नाही सांगितलं तर शुक्रवारी ती खोटं लिहून बसणार, माझ्यामुळे.

रात्रीच्या जेवणाला यांनी विषय काढलाच. हे भूलतज्ज्ञ होते, रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण पेशंटला बोलण्यात गुंगवायची सवय गेलेली नाही.

"मग, चोर सापडला का?"

"नऊ घरं आहेत आपल्या लेनमध्ये," देविका म्हणाली. "परवा सगळ्यांना लेटर टाकणार. मग टॉयलेटमध्ये रंग टाकून फ्लश करायचा, आणि ओढ्यात रंग आला की सापडला."

"आपल्याकडे पण?"

"सगळ्यांकडे, बाबा."

"मी सांगतो, प्रिचर्ड. नवीन बाथरूम केलंय ना, सोनेरी नळवालं! बायकोला सांगत होता, हॉटेलसारखं वाटतं. हॉटेल सोडलंय सगळं ओढ्यात." हे स्वतःच हसले. "शशी, तू जेवत का नाहीस? मंगळवार सोडायचाय ना?"

"भूक नाही," मी म्हटलं.

प्रिचर्ड आमचे शेजारी. आमचे डस्टबिन तेच रस्त्यावर नेऊन ठेवतात.

बुधवारी मी नेहमीसारखी पाचला उठले. सातला पुलावर गेले, डबा उघडला, आणि खाली पाहिलं. दगडांच्या आडोशाला, संथ पाण्यात, तळाच्या गोट्यांवर पांढुरका थर दिसत होता. पाच महिन्यांत मी खाली एकदाही नीट पाहिलं नव्हतं. मी डोळे मिटून नाव घेत सोडत आले होते.

तिथे टाकवेना. परत न्यायचं धाडसही होईना. एक दिवस चुकला आणि काही झालं तर मी कोणाला काय सांगणार होते? शेवटी मी बस पकडली आणि कॅनॉलवर गेले. तिथे माणसं गळ टाकून बसलेली मी पाहिली होती. म्हणजे मासे असणार.

एक म्हातारा गृहस्थ हिरव्या छत्रीखाली बसला होता. मी त्याच्यापासून थोडी लांब उभी राहून एक गोळी सोडली. पाणी गर्रकन फिरलं आणि गोळी गेली. दुसरी सोडली, तीही गेली. माझे डोळे भरून आले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी घेतलं होतं.

"ब्रेड आहे का, लव्ह?" त्याने विचारलं.

"कणीक," मी म्हटलं. मग इंग्रजीत सांगितलं, "डो."

"सोन्याहून चांगलं. टाकत राहा."

मी टाकत राहिले. दहा-बारा झाल्या असतील, तेवढ्यात त्याची काठी वाकली. त्याने सरसर दोरी गुंडाळली, आणि एक चंदेरी मासा तडफडत वर आला. ओठात गळ. कडेला माझी अर्धी गोळी.

"अहो, सोडा त्याला!" मी मराठीतच ओरडले. मी सहसा आवाज चढवत नाही, मलाच दचकायला झालं.

त्याला शब्द कळला नाही, पण चेहरा कळला असावा. "सोडतोच मी नेहमी," तो म्हणाला, आणि ओल्या हाताने गळ काढून त्याने माशाला अलगद पाण्यात धरलं. मासा क्षणभर थांबला आणि गेला. "आठवड्यातून एकदा भेटतो हा मला. तुमच्यामुळे आज लवकर आला."

मी बाकावर बसले. तो बोलका माणूस होता. मी धीर करून विचारलं, की जिथे मासे नाहीत अशा लहानशा ओढ्यात हेच टाकलं तर काय होतं?

"खाणार कोण? सडतं. पाणी आंबतं. इथेसुद्धा जास्त टाकलं की मासे पळतात. कोण टाकतं असं?"

"आमच्याकडे एक बाई," मी म्हटलं.

"तिला सांगा, बदकांना मटार घाल म्हणावं."

उरलेल्या गोळ्या मी मोजून, त्याच्या गळापासून दूर चालत जाऊन सोडल्या. एकशे आठ पुऱ्या झाल्या, पण समाधान वाटलं नाही. देते आहे की आमिष टाकते आहे, हेच कळेना.

गुरुवारी सकाळी मी गोळ्या केल्या, डब्यात भरल्या, पुलावर गेले, आणि भरलेला डबा घेऊन घरी आले. कॅनॉलवर जायचं मन होईना. पाच महिन्यांत पहिल्यांदा खाडा झाला. दिवसभर मी देविकाकडे बघत होते. ती कुठून उठली, कुठे टेकली, पायाची सूज किती आहे. दोनदा तिने विचारलं, "काय बघतेस?" तिने लॅपटॉप पोटावर टेकवून रिपोर्ट लिहायला घेतला होता. प्रिंटरमधून नऊ पत्रं निघाली. पहिल्या पत्रावर प्रिचर्डचं नाव होतं.

"बाबा, हे आता सगळ्यांच्या दारात टाकशील? मला चालायला नको वाटतो."

"टाकतो. प्रिचर्डला हातात देतो, तोंड बघायला मिळेल."

हे बूट घालायला लागले. आता दार उघडलं की संपलं, असं मला वाटलं.

"अहो, थांबा जरा," मी म्हटलं. "देविका, तो कागद संडासातला नाहीये."

तिने वर पाहिलं. "कुठला?"

"डब्यातला. माझा आहे तो."

ती हसली. "तुझा? म्हणजे काय तुझा?"

मी स्वयंपाकघरातून डबा आणला. एक गोळी फोडली, आतली चिठ्ठी उलगडून तिच्या हातात दिली. लहानपणी रविवारच्या मराठी शाळेत शिकलेली अक्षरं ती अजून बोट ठेवून वाचते.

"श्री... राम," तिने वाचलं. मग डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "तू हे ओढ्यात टाकतेस?"

"पुलावरून. मधल्या खांबापाशी."

"किती?"

"एकशे आठ."

"टोटल?"

"रोज."

हे एका पायात बूट घालून तसेच उभे. "पाच महिने मला वाटतंय तू फिरायला जातेस!"

"जातच होते," मी म्हटलं.

"बाबा, थांब. आई, कधीपासून? नीट सांग."

"घटस्थापनेपासून. एकही दिवस चुकवला नाही. कालच्या गोळ्या कॅनॉलला दिल्या. आज मात्र..."

"स्नो होता तेव्हा पण?"

"हो."

"माझे फिश तू मारले," देविका म्हणाली. आवाज मोठा नव्हता, तो मोठा असता तर बरं झालं असतं. "मी तिथे रोज बसते. थंडीत बसते. तू माझ्यासाठी चहा आणते, माझ्या मागे उभी राहते, आणि तू बोलत नाहीस! मंगळवारपासून तुला माहीत होतं?"

"वास आला तेव्हा कळलं."

"आणि का? कोणासाठी?"

माझी नजर तिच्या पोटावर गेली. ते माझ्या डोळ्यांवरून तिला कळलं असावं, कारण तिने लॅपटॉप बाजूला ठेवला आणि दोन्ही हात पोटावर आणले.

"मी सांगितलं होतं ना, कोणी होप करायचं नाही," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

यांनी बूट काढला आणि बीपीचं मशीन आणलं. मशीन घुरघुरत फुगलं, हळूहळू बसलं. एकशे अट्ठेचाळीस, चौऱ्याण्णव. सकाळी एकशे चौतीस होतं.

"कोणी बोलायचं नाही," हे म्हणाले. त्यांचा ऑपरेशन थिएटरमधला आवाज मी फार वर्षांनी ऐकला. "देविका, डावीकडे वळ. शशी, तू पाणी आण."

पाणी आणताना माझ्या मनात एकच होतं. आज घातल्या नाहीत. आज घातल्या नाहीत, आणि आजच. देव्हाऱ्यापाशी क्षणभर थांबले, पण काय मागावं तेच सुचेना. जे द्यायचं होतं ते मी टेबलावर डब्यात भरून ठेवलं होतं.

पंधरा मिनिटं आम्ही तिघं घड्याळाकडे बघत बसलो. मग पुन्हा मशीन. एकशे चाळीस, नव्वद. यांनी हॉस्पिटलला फोन केला. डोकं दुखतंय का, डोळ्यांसमोर चमकतंय का, बाळ हलतंय का, असं तिकडून विचारलं. बाळ हलत होतं. सकाळी येऊन दाखवा, मधे वाढलं तर लगेच या, असं सांगितलं.

फोन ठेवल्यावर देविकाने डोळे पुसले. "बाबा, किचनमधला वेइंग स्केल आण."

"आता कशाला?"

"आण ना."

तिने दहा गोळ्या काट्यावर ठेवल्या. तीस ग्रॅम. तिने बोटांवर हिशेब केला, मग फोनवर केला, मग फोन यांच्यासमोर धरला.

"अठ्ठेचाळीस किलो," हे वाचून म्हणाले. "अगं, लग्नात एवढी कणीक लागली नव्हती देविकाच्या!"

कोणी हसलं नाही. पण देविकाच्या ओठाचा कोपरा हलला, तो मी पाहिला.

"आयोडीन आहे?" तिने विचारलं.

आमच्या घरात आयोडीन नाही असं होत नाही. गॅरेजमधून तिने मंगळवारी भरून आणलेल्या नमुन्यांच्या बाटल्या मागवल्या, पहिल्या डब्यातला लगदा आणि तिसऱ्याजवळचा गाळ. बशीत थोडा लगदा घेऊन यांनी वर एक थेंब टाकला. लगदा काळानिळा झाला. तिसऱ्या डब्याजवळच्या गाळावर दुसरा थेंब टाकला, तो पिवळाच राहिला.

"स्टार्च," देविका म्हणाली. "तूच आहेस." मग ती मला कितीतरी प्रश्न विचारत राहिली. कुठे उभी राहायचीस, किती वाजता, पीठ कुठलं, मीठ घालायचीस का. मी सांगत होते आणि ती लिहून घेत होती. शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी मी उभी होते. बस म्हणायचं तिला सुचलं नाही, आणि मला बसावंसं वाटलं नाही.

मग तिने जूडिथला फोन लावला. मी स्वयंपाकघरात गेले, तरी ऐकू आलं. "माय मम," असं ती म्हणाली आणि पलीकडचं ऐकत राहिली. मग म्हणाली, "नो, शी इज नॉट मॅड."

यांनी ती नऊ पत्रं उचलून कागदांच्या रद्दीत घातली.

शुक्रवारी हॉस्पिटलात बीपीच्या गोळ्या सुरू केल्या आणि सोमवारी परत बोलावलं. मीटिंगमध्ये जूडिथने दोन आठवडे मागून घेतले. हॅचरीत, म्हणजे अंडी उबवतात तिथे, मोसमाच्या शेवटच्या अंड्यांचा एक ट्रे शिल्लक होता. मंगळवारपर्यंत पुलाखालचे गोटे स्वच्छ झाले, तर पहिल्या दोन डब्यांत ती पुन्हा भरायची. ती जगली तर बंधाऱ्याचं बघता येईल. नाही जगली तर वरचा भाग सोडून द्यायचा. यापुढे मुदत नाही.

स्वयंसेवक रविवारी येणार होते. मी शनिवारीच सकाळी जूडिथची छातीपर्यंतची रबरी विजार मागून घेतली. माझ्या उंचीला ती गळ्यापर्यंत आली.

"अंतराळात चाललीस का?" हे काठावरून म्हणाले. त्यांनी माझ्या कमरेला दोरी बांधली होती आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला.

"सोडू नका म्हणजे झालं."

पाण्याचा गारठा रबरातूनही हाडांपर्यंत येत होता. लोखंडी दात्यांचं फावडं गोट्यांत खुपसायचं, हलवायचं, आणि आतली घाण प्रवाहाला द्यायची. पहिल्याच खुपसण्याला पांढुरका ढग वर आला आणि तोच आंबूस वास. त्यात कागदाचे तुकडे होते. एकावर 'रा' अजून वाचता येत होता. मी तो उचलून विजारीच्या खिशात ठेवला. मग दुसरा, मग तिसरा. मग लक्षात आलं, सगळे उचलत बसले तर मंगळवार उजाडेल. मी माफी मागितली आणि फावडं चालवलं.

देविका खुर्चीत बसून सांगत होती. "तिथे नाही, डावीकडे. खोल घाल. हां, आता दोन फूट पुढे." गुरुवारपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. चहा नको म्हणत होती. मी समजून होते.

अर्ध्या तासाने हे बिस्किटं आणायला घरी गेले आणि दोरी देविकाच्या खुर्चीला बांधून ठेवली. मी पाठ सरळ करायला थांबले.

"आई," तिने हाक मारली. "काल घातलीस का गोळ्या? कुठे दुसरीकडे?"

"नाही."

"आज?"

"आज पण नाही. गुरुवारपासून नाही."

मला वाटलं, बरं झालं म्हणेल. ती पाण्याकडे बघत होती. एक हात पोटावर फिरत होता, एकाच जागी, पुन्हा पुन्हा.

"मग आता..." ती म्हणाली, आणि थांबली. तिने इकडेतिकडे पाहिलं, जणू कोणी ऐकेल. "बाळाला काही होणार नाही ना? तू मधेच थांबलीस म्हणून?"

ती हे विचारेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. स्टार्च म्हणून बशी दाखवणारी माझी लेक. तिसऱ्यांदा आई होऊ घातलेली, सात आठवडे अजून जायचे असलेली. दोन दिवस माझ्यावर रागावून ती हेच धरून बसली होती.

खरं उत्तर मला माहीत नव्हतं. दोन रात्री मी देव्हाऱ्यासमोर बसून तेच विचारत होते आणि तिथून काही आलं नव्हतं. आजवर मी तिला कधी खात्रीवाचून शब्द दिला नव्हता. दोन्ही वेळा हॉस्पिटलात ती 'सगळं ठीक होईल ना' म्हणाली, तेव्हा मी फक्त हात धरला होता. आता हात पोचत नव्हता.

"नाही होणार," मी म्हटलं.

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

आता त्या शब्दाचं काय होईल ते मलाच बघावं लागणार होतं. मी फावडं पुन्हा गोट्यांत खुपसलं आणि जोर लावला. पाणी सगळं गढूळ झालं, माझे पायही दिसेनात.

"थांब, थांब," देविका म्हणाली. "आता हलवू नकोस. आधी क्लिअर होऊ दे, मग बघू खाली काय राहिलंय."

मी हात थांबवला. ती खुर्चीत पुढे वाकली, जमेल तेवढी. मी पाण्यात उभी, ती काठावर खुर्चीत, आणि आम्ही दोघी गाळ वाहून जायची वाट बघत राहिलो.